विमानाची चड्डी

मी पेणचा. एवढं सांगितलं की तोक्योतली मराठी मंडळी मला गणपतीच्या कारखान्यातलाच समजतात, आणि मीही तो समज मोडत नाही. खरं तर कारखाना मी पाहिला तो शाळेतून येताना, खिडकीतून. तरीही तोक्योजवळच्या कुमागाया गावी एका शेडमधल्या म्हातारबुवांनी त्यांच्या अल्ट्रालाइट विमानाच्या चाकांवरची फायबरग्लासची टोपणं रंगासाठी तयार करायला घेतली, तेव्हा मी बोलून गेलो, "पॉलिश पेपर? आमच्या गावचा धंदाच तो!" त्या टोपणांना व्हील पँट म्हणतात. विमानाच्या चड्डीत अवघड ते काय?

साच्यातून निघालेल्या फायबरवर मेण असतं. ते आधी पुसायचं, मग घासायचं. नाहीतर ओरखड्यांत जाऊन बसतं. मी आधी घासलं. तेही ८० नंबरने, कारण ३२०चा पेपर हाताला पुचाट लागला. वरचा जेलकोट गेला, आतलं काचेचं कापड दिसू लागलं आणि टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं उघडी पडली.

मग ती बुजवायला लांबी भरणं आलं. शंभर ग्रॅमला हार्डनर साधारण दोन ग्रॅम. मी आमटीत हिंग टाकावा तसा टाकला. वाटीतच दगड झाला. दुसरा घाणा जमला, पण लांबी पट्टीने दाबून उलटसुलट ओढायची सोडून मी बोटाने थापली. भोकात हवा तशीच, वर लांबीची टोपी. पेपर मारला की भोक पुन्हा हजर.

म्हातारबुवा रागावत नसत. टॉर्च आडवा धरून पृष्ठभाग न्याहाळत आणि हळूच म्हणत, "मो इक्काइ." पुन्हा एकदा. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

त्यात गाव कुमागाया! २३ जुलै २०१८ला इथे ४१.१ अंश तापमान होतं. उकाड्यामुळे मी बाह्या वर केल्या होत्या. रात्री गरम पाण्याच्या टबात उतरलो, तेव्हा कळलं की काचेच्या कुसळांपुढे खाजकुयली म्हणजे चंदनाचा लेप. हात गार पाण्याने धुवायचे असतात म्हणे.

चौथ्या रविवारी प्रायमर फवारला. दोन मिनिटांत त्यात माशाच्या डोळ्यांसारखे वाटोळे खड्डे उमटले. जपानी रंगारी त्याला हाजिकी म्हणतात. पहिल्या दिवशीचं मेण दबा धरून बसलं होतं. सगळं खरवडलं. मो इक्काइ.

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरती चालू असताना माझ्याही नकळत मी मोबाइलचा टॉर्च मूर्तीवर आडवा धरला. सोंडेच्या वळणाखाली एक भोक होतं.

"बघा, कशी बारीक नजर आहे," शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या. "पेणचे ना तुम्ही!"

मी टॉर्च बंद केला आणि जोरात टाळ्या वाजवू लागलो.