निव्वळ पाइपांसाठी

पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला तर पाइप वाचतील, गीझर वाचेल, नळांच्या जाळ्या तुंबणार नाहीत, असा भलामोठा मजकूर मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. केस हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. बोअरच्या पाण्यानं टक्कल पडतं यावर माझी गाढ श्रद्धा आहे. दुसरं कारण वडिलांच्या फोटोत दिसतं, म्हणून तो फोटो मी माळ्यावर ठेवलाय.

सॉफ्टनरवाला टीडीएस मीटर घेऊन आला. आकडा बघून माझा चेहरा पडला. खरं तर हे मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजतं, कडकपणा सांगतच नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे मऊ झालेल्या पाण्याचाही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आमचं पाणी या दोहोंच्या मधलं, म्हणजे वाद घालायला उत्तम.

आजीकडे कडकपणाचं एकच मीटर होतं: तूरडाळ. ज्या पाण्यात डाळ शिजेना, ती विहीर धुण्याभांड्याला. डाळीसाठी पलीकडच्या आळीतून गोड्या पाण्याची कळशी. आंघोळीचा तांब्याचा बंब ती चिंचेनं लख्ख घासायची, पण फक्त बाहेरून. आतला क्षाराचा थर तसाच. ‘आत कोण बघायला येतंय?’ त्या बंबात बघून मी भांग पाडायचो. भांग पाडण्याइतके केस तेव्हा होते, आणि आरशापुढून कोणी हलवेपर्यंत हलायचं नाही हा स्वभावही तेव्हाचाच. कळशी मात्र रोज आजीच्याच कमरेवर. तिचे गुडघे किती झिजले, हे मोजणारं मीटर घरात कोणाकडेच नव्हतं.

प्लंबरनं माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. ‘साहेब, थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपला काय होत नाय. क्षार धरतो तो तापल्यावर. गीझरची कॉइल वर्षाला साफ करा, बास.’

मीटिंगमध्ये खजिनदारांनी विचारलं, ‘टँकर रोज वेगळ्या बोअरचा. मशीन कोणत्या पाण्याला लावायचं?’ महापालिकेची लाइन गेटपर्यंत आलीय, फक्त तिच्यात पाणी नाही. कर वेळेवर भरायचा आणि विकतचं पाणी मऊ करायचं! मी भडकून बोललो, टाळ्या पडल्या आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

माझ्या ठरावाला अनुमोदन देणारे तिघं होते. मे महिन्यात, बंद हॉलमध्ये, तिघांच्याही डोक्यावर टोपी होती.