वडखळ नाक्यावरचा इसबगोल

आमच्या पेणमध्ये दोन गोष्टी फुकट मिळतात : पावसाळ्यात चिखल आणि बारा महिने औषधाचा सल्ला. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे आमचे शेजारी भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलसकट हायवेच्या खड्ड्यात गेले. मणका मोडला, कमरेखालचं सगळं बधिर. हात शाबूत, म्हणून व्हीलचेअरवर बसून अजूनही बाप्पाची बुबुळं काढतात. पण भेटायला येणारा विचारतो एकच : "पोट साफ होतं का?"

नाही म्हटलं की पिशव्या उघडतात. रोह्याच्या आत्याबाईंनी सोनामुखी आणि बहाव्याच्या शेंगा आणल्या, मेहुण्यांनी त्रिफळा आणि इसबगोल. एका गृहस्थांनी सुंठेच्या काढ्यातून एरंडेल पाजलं. ते पहाटे साडेतीनला लागू पडलं. भाऊंना कळलंच नाही, वहिनींना कळलं. दुपारी गृहस्थांचा फोन : "गुण आला ना?" आला हो, गोधडीला आला.

दिवा-रोहा गाडीने आयुष्य काढलेल्यांना हे चटकन समजेल. मेंदू दिव्याला, आतडं रोह्याला आणि तार तुटलीय पेणला. रोह्यात गाडी भरून उभी आहे, दिव्याला पत्ता नाही. दिव्याने "सोड" म्हटलं तरी रोह्याला ऐकू येत नाही. इसबगोल एरवी गुणाचा, पण त्याला भरपूर पाणी लागतं. लघवीच्या धास्तीने पाणी तोडलेल्या माणसाच्या मंद आतड्यात तो गच्च बसतो. वडखळ नाक्यावर कोंडी झाल्यावर मागून आणखी दहा ट्रक सोडावेत, तसं.

सोनामुखी मात्र डॉक्टरही देतात. हे कळल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नोबेल हुकलं ते माझ्यामुळेच! पण डॉक्टर मात्रा ठरवून देतात, सकाळची वेळ धरून आठ-दहा तास आधी. आत्याबाई मूठ मोजतात.

खरा इलाज कुणाच्याच पिशवीत नव्हता. घाव मज्जारज्जूच्या तळटोकाच्या वर असेल, भाऊंसारखा, तर ते टोक म्हणजे रोह्याच्या यार्डातली छोटी केबिन चालू राहते. खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं, म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासाने भाऊ कमोडच्या खुर्चीवर बसतात. आधी ग्लिसरीनची कांडी. मग वहिनी हातमोजा चढवतात, जेली लावतात आणि गुदद्वाराच्या आत बोट हळूहळू गोल फिरवतात. केबिनला निरोप मिळतो, गाडी सुटते. रोज तीच वेळ. हे त्यांना हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकवलं. ती संस्था १९५५पासूनची. आपल्याकडे डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ, पण बोटाचा हा उपयोग एकालाही ठाऊक नव्हता.

घाव छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असता तर तुंबलेल्या पोटाने रक्तदाब भडकून जिवावर बेतू शकलं असतं. तेव्हाही कुणीतरी त्रिफळा भिजत घातलाच असता.

लकवा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. आत्याबाई जाहिरात करत नाहीत, थेट पाजतात. कायदा काय करणार?

शेवटी भाऊंनी आखणीच्याच ब्रशने पाटी रंगवली : "सकाळी ८.३० ते ९.१५ गाडी सुटण्याची वेळ. औषधं मागच्या दारी ठेवावीत." मागच्या दारी आता बहाव्याचं रोप चांगलं वीतभर झालंय.