पूरक कोनाचा खटला

माझा मामेभाऊ एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून आमच्याकडे आला तो ट्रंकेत हिंदी भूमितीचे पुस्तक घेऊनच, आणि आमच्या घराण्यात जमीनजुमल्यावरूनदेखील कधी न झालेला तंटा त्या पुस्तकातील एका शब्दावरून उद्भवला.

चाळीस अंशांच्या कोनाचा पूरक कोन किती, असे मी त्याला सहज, म्हणजे त्याची फजिती व्हावी एवढ्याच शुद्ध हेतूने, विचारले. तो म्हणाला, पन्नास. मी म्हणालो, एकशे चाळीस. आमच्या पुस्तकाप्रमाणे ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश ते कोटिकोन, आणि 180 अंश ते पूरक. त्याच्या पुस्तकात मात्र 90 वाल्यांनाच पूरक म्हटलेले आणि 180 वाल्यांना संपूरक. पूरक म्हणजे भरून काढणारा, इथवर संस्कृत दोन्ही भाषांच्या पाठीशी उभे राहते. पण भांडे काटकोनाचे घ्यावयाचे की सरळकोनाचे, याविषयी ते सोयीस्कर मौन धारण करते. हे आज कळते. त्या दिवशी एवढेच कळले की, इंदूरकरांना भूमिती येत नाही.

दोन रेषा परस्परांना छेदल्या असता होणारे विरुद्ध कोन समान असतात, हे प्रथम ओळखल्याचे श्रेय थेलीस या ग्रीक पंडितास देतात. आम्हां दोघांना समोरासमोर तावातावाने बसलेले पाहून आजीनेही हट्ट दोहोंकडे सारखाच असल्याचे ओळखले आणि प्रकरण आजोबांकडे वर्ग केले.

आजोबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही पुस्तके पुराव्यात दाखल करून घेतली, उभयतांच्या कैफियती ऐकल्या, कोनमापक मागवून चाळीसच्या खुणेवर बोट ठेवले, आणि त्याच खुणेवर दुसऱ्या ओळीत एकशे चाळीस छापलेले पाहून त्या उपकरणाची साक्ष अविश्वसनीय म्हणून फेटाळली. मग फैसला झाला : दोन्ही पुस्तके शाळाखात्यास मंजूर असल्याने एकासही खोटे ठरविता येत नाही, सबब पन्नास व एकशे चाळीस यांची सरासरी काढून उभय पक्षांनी पंच्याण्णव अंश मान्य करावेत, आणि खर्च ज्याचा त्याने सोसावा.

पुढे सहामाहीत तोच प्रश्न आला. सुट्टीभर ऐकलेल्या युक्तिवादाने माझा निश्चय ढासळला होता. मी पन्नास लिहिले. मामाचे पत्र आले त्यावरून समजले की, तिकडे चिरंजीवांनी एकशे चाळीस लिहून शून्य मिळविले.

आजोबांनी पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "हुकमाची अंमलबजावणी कोणी केलीच नाही."