जगात जर्मनी, करारात आपण

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो. त्या जर्मनीतल्या एका राज्यानं ऑगस्ट २०२२ पासून चौदा हायड्रोजन रेल्वेगाड्या रुळावर आणल्या आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यानं हिशेब मांडून जाहीर केलं, यापुढच्या गाड्या बॅटरीच्या, त्या चालवायला स्वस्त.

आपण मात्र हिशेबाआधी सुपारी फोडतो. महाराष्ट्राचं हरित हायड्रोजन धोरण जुलै २०२३ चं, तरतूद ८,५६२ कोटींची. जानेवारी २०२४ मध्ये सात कंपन्यांशी पावणेतीन लाख कोटींचे सामंजस्य करार झाले. सामंजस्य म्हणजे काय? पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत म्हणाले. लग्नाची तारीख विचारायची नसते, अपशकुन होतो.

हरित हायड्रोजन म्हणजे अक्षय विजेनं पाण्यातून काढलेला; त्याच्या एका किलोला निदान नऊ लिटर पाणी लागतं. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या वहिनींनी दारातल्या निळ्या ड्रमवर झाकण ठेवलं, वर पाटा ठेवला. उगाच घाबरल्या. उसाला लागतं त्यापुढे हे पाणी किरकोळच. पण उसाबद्दल बोलायचं नसतं, कारखाना साहेबांचा असतो.

कंपन्या गळ्यात गळे घालून कार्बन कमी करणार असतील तर आनंदच आहे. फक्त एक सांगतो, आमच्या परभणीच्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. धरणात पाणी असलं की ते कार्बनशिवाय वीज करतं, कित्येक दशकांपासून. त्याच्याशी कुणी करार केल्याचं ऐकिवात नाही.