स्पोर्ट्स कारला इनटेक बसवू इच्छिणाऱ्या गेवराईकरांसाठी सूचना

सर्वप्रथम स्पोर्ट्स कार गेवराईत आणावी. धुळे-सोलापूर महामार्गावर अडचण नाही. खरी परीक्षा गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर. गाडी पोटासकट पोचली, की जमलेली मंडळी ॲव्हरेज विचारतील. उत्तर न देता बोनेट उघडावे.

इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा थंड तर दाट आणि दाट तर ताकद जास्त, एवढ्यावर इनटेकचा सारा धंदा उभा आहे. तेव्हा मे महिन्यात गेवराईत थंड हवा कुठे आहे, हे आधी हेरून ठेवावे. एटीएममध्ये असते, पण तिथवर पाइप पुरत नाही.

पहिला प्रकार शॉर्ट रॅम. आखूड पाइप, टोकाला उघडा फिल्टर, मुक्काम बोनेटखाली. बाहेर बेचाळीस अंश असताना तो त्याहून तापलेली, इंजिनच्याच अंगाची हवा ओढतो. आवाज मात्र असा भारी, की पिकअप वाढल्याची मालकाची खात्रीच पटते. दुसरा, कोल्ड एअर: लांब पाइप थेट बंपरपाशी. साचलेल्या पाण्यात गाडी घातली, की इंजिन पाणी पिते; पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘आपल्याकडं पाऊसच कुठंय?’ असे कोणी म्हणेल. वर्षभराचा पाऊस एका संध्याकाळी येतो, याची त्याला आठवण द्यावी.

तिसरा प्रकार आपल्या जिव्हाळ्याचा. कंपनीचा मूळ डबा तसाच ठेवून आत कापसाचा फिल्टर घालायचा. कॅलिफोर्नियात 1969 साली सुरू झालेली के अँड एन कंपनी यावरच नावारूपाला आली: सुती जाळीचे थर, त्यावर तेल. कापूस क्विंटलने विकायचा आणि ग्रॅमने विकत घ्यायचा, हा व्यवहार आपल्या तालुक्याला नवा वाटू नये. तेल बेताने लावावे. जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि गाडी आचके देते. सरकीचे तेल चालेल का, हे मिस्त्रीला विचारू नये.

आता फुफाट्याचा विचार. गोदाकाठची वाळू घेऊन हायवा पुढून गेला, की मागच्या गाडीला हवा कमी आणि जमीन जास्त मिळते. फिल्टर जितका मोकळा, तितकी बारीक माती आत. ती रिंगा आणि लायनर घासते, मग इंजिन ऑइल पिऊ लागते. या बाबतीत गेवराईतला सर्वांत अनुभवी इनटेक जुन्या ट्रॅक्टरवर आहे. ऑइल बाथ: हवा तेलाच्या वाटीवर आपटते, धूळ तेलात राहते. गाळ काढायचा, तेल बदलायचे, पुन्हा नांगरायला जायचे. त्यावर स्टिकर नसतो म्हणून तो कोणी दाखवायला नेत नाही.

ताकद किती वाढली हे पाहायला डायनो मशीन शोधत बसू नये. गढीपर्यंत जाऊन यावे आणि मित्रांना आकडा सांगावा. यंत्रापेक्षा तो नेहमीच चांगला येतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाइप, फिल्टर आणि क्लॅम्प हा एक बदल की तीन, हा मुद्दा साहेबांसमोर आपणहून काढू नये.