मिशन पीकच्या पायथ्याशी बिऱ्हाड: साहित्य आणि कृती

साहित्य : डोंगर एक, मध्यम आकाराचा. तळं एक (कृत्रिम चालेल). वाळलेलं गवत, डोंगर झाकेल इतकं. ईशान्येचा कोरडा वारा, हा सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतो. गृहकर्ज, गळ्यापर्यंत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आई किंवा सासू, एक. जुन्या सुती साड्या चार-पाच. शाडू दोन किलो. काथ्याचं पायपुसणं एक. ते पुढे टाकूनच द्यायचं आहे, तेव्हा महागाचं घेऊ नये.

लागणारा वेळ : वीस वर्षं. घाई असेल तर एक सप्टेंबर पुरतो.

कृती : प्रथम गावाची ओळख करून घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं फ्रीमाँट म्हणजे पाच गावांची मोट. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं १९५६ साली एकत्र येऊन त्यांचं एक शहर झालं. तरी ‘आम्ही मिशनला असतो’ हे वाक्य आजही ‘आम्ही प्रभात रोडला असतो’ याच सुरात म्हटलं जातं. तो सूर पहिल्या वर्षी जमत नाही. हप्ते भरता भरता येतो.

डोंगर म्हणजे मिशन पीक, उंची अडीच हजार फूट. माथ्यावर एक खांब आहे आणि त्या खांबाला बिलगून फोटो काढायला रविवारी रांग लागते. नवशिक्यानं पहिल्याच शनिवारी भर उन्हात चढायला जाऊ नये. ‘आम्ही सिंहगड चाळीस मिनिटांत चढायचो’ हे खालच्या फाटकापाशीच बोलून घ्यावं, वर बोलायला दम उरत नाही. वाटेवर सावली जवळजवळ नाही. पिठलं-भाकरी नाही, मडक्यातलं दही तर नाहीच. गाई मात्र आहेत. त्यांना पाहून आईनं हात जोडले तर जोडू द्यावेत. त्यांचं काम नमस्काराच्या लायकीचंच आहे, ते पुढे येईल.

तळं म्हणजे लेक एलिझाबेथ. हे खोदलेलं तळं, आणि नाव राणीचं असलं तरी ते ऑस्ट्रेलियामार्गे आलेलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एलिझाबेथ हे फ्रीमाँटचं भगिनी-शहर, त्यावरून. तळ्याच्या वाटेवर सकाळी कानटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि पांढरे शुभ्र बूट दिसले की खुशाल मराठीत बोलायला सुरुवात करावी. दहातल्या तीन वेळा उत्तर मराठीत येतं. बदकं वाटतात ती बदकं नव्हेत, कॅनडाचे हंस आहेत. त्यांना पोळी घालू नये. जवळूनच हेवर्ड फॉल्ट जातो आणि १८६८ च्या भूकंपात त्यानं मिशनचं जुनं चर्च पाडलं होतं, ही माहिती आई-बाबांना परतीच्या विमानात बसवल्यावर द्यावी.

आता रंग. इथे नवशिका फसतो. आपले डोळे सह्याद्रीवर तयार झालेले: जूनमध्ये पाऊस, श्रावणात हिरवंगार, होळीपर्यंत तपकिरी. इथे सगळं उलटं. पाऊस नोव्हेंबर ते मार्च. डोंगर फेब्रुवारीत पोपटी, मे संपेपर्यंत पिवळा. इथले लोक त्याला सोनेरी म्हणतात. आपणही चारचौघांत सोनेरी म्हणावं, पण मनात त्याला ‘वाळलेलं गवत’ म्हणायची सवय लावावी. हे बरंचसं गवत मूळ इथलं नाहीच. स्पॅनिश पाद्री आणि त्यांची गुरंढोरं आली, त्यांच्यामागून भूमध्य समुद्राकडचे रान-ओट आणि त्याचे भाऊबंद आले. हे गवत एका पावसाळ्यात उगवतं, बी टाकतं आणि उरलेलं वर्ष वाळून उभं राहतं. पाच-सहा महिने पावसाचा थेंब नाही. ईस्ट बे रीजनल पार्क्सचे लोक डोंगरावर गाई चरायला सोडतात त्या यासाठीच. त्या जेवढं खातील तेवढं जळायचं टळतं. म्हणून नमस्कार.

घर निवडताना आपल्याकडचे लोक होकायंत्र घेऊन येतात. पूर्वेला दार हवं, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. होकायंत्र आणावं, माझी ना नाही. पण वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेकडे बसतो, तर बे एरियात तो ईशान्येकडून येतो. शरद ऋतूत आतल्या बाजूकडून समुद्राकडे जो कोरडा वारा सुटतो त्याला डायाब्लो म्हणतात, म्हणजे सैतान. १९९१ च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसं गेली, ती याच वाऱ्यावर पसरलेल्या आगीत. तेव्हा पूर्वाभिमुख घर घेऊन समोर मिशन पीकचं दर्शन मिळवलंत, तर समोरून कोण येऊ शकतं तेही ध्यानात ठेवावं. राज्याच्या अग्निशमन खात्यानं, कॅल फायरनं, २०२५ मध्ये आगीच्या धोक्याचे नवे नकाशे काढले: पिवळा, नारिंगी, लाल. पत्रिका जुळते का ते नंतर पाहा, आधी घराचा रंग पाहा. विमा कंपनी तोच बघते. नेहमीच्या कंपन्यांनी हात वर केले तर ‘फेअर प्लॅन’ नावाची शेवटची ओसरी आहे. तिथे आसरा मिळतो, पाहुणचार नाही.

यानंतर घराभोवतीचे पाच फूट. या पाच फुटांवर मी पाचशे पानं लिहू शकेन.

वणवा चालत घरापर्यंत येतो, अशी आपली समजूत असते. बहुतेक घरं ज्वाळेनं नव्हे, ठिणगीनं पेटतात. ठिणगी वाऱ्याबरोबर मैल-मैल पुढे उडत येते आणि बसायला जागा शोधते: पन्हाळीतला पाचोळा, माळ्याच्या झरोक्याची फाटकी जाळी, दारातलं पायपुसणं. म्हणून कॅलिफोर्नियात घराभोवती शंभर फुटांचा हिशेब मांडतात, आणि त्यातले भिंतीलगतचे पहिले पाच फूट म्हणजे ‘झोन झिरो’. तिथे जळण्यासारखं काहीही नको. कायदा २०२० चा, नियमांचा घोळ त्यानंतरही चालूच राहिला. विमावाले नियमांची वाट बघत नाहीत.

आमच्या विमा कंपनीचा माणूस आला. दारासमोर उभा राहिला आणि एक शब्द न बोलता आठ फोटो काढून गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. काढून टाकण्याच्या वस्तू: काथ्याचं पायपुसणं. दाराआड उभी केलेली केरसुणी. झेंडूचं तोरण, प्लॅस्टिकचं. लाकडी चपलांचं कपाट. आणि ‘प्रवेशद्वाराजवळील कुंडीतले झुडूप’.

झुडूप म्हणजे तुळस. बोस्टनहून बी आणून, दोन हिवाळे स्वयंपाकघराच्या खिडकीत काढून वाचवलेली तुळस. मी आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याला सांग, तुळस दारात असते. अंगणाच्या टोकाला असतं ते कुंपण.” मी म्हटलं, विमा रद्द होईल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग स्वतःच टेप घेऊन भिंतीपासून माप धरलं आणि कुंडी सहा फुटांवर, सिमेंटच्या फरशीवर नेऊन ठेवली. “पाच म्हणालेत ना? एक फूट माझ्याकडून.” प्रदक्षिणेला उलट जागा जास्त झाली, हे तिनं अजून कबूल केलेलं नाही.

गंमत म्हणजे पत्रात रांगोळीबद्दल चकार शब्द नव्हता. रांगोळी दगडाची, ती पेटत नाही. शेणाचा सडा नाही, गेरू नाही, फक्त सिमेंटवर गोपद्मं. आपल्या तमाम दारकलांमध्ये झोन झिरोत बिनबोभाट पास झालेली ही एकटीच.

हस्तकलेवर आलोच आहोत, तर नवशिक्यानं एकदा कायोटी हिल्सला जावं. फ्रीमाँटच्या पश्चिम टोकाला, खाडीकाठी. तिथे ओलोनी लोकांच्या जुन्या वस्तीची जागा आहे आणि तूल नावाच्या लव्हाळ्याच्या वस्तू बघायला मिळतात. कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांच्या टोपल्या इतक्या घट्ट विणीच्या की त्यांत पाणी भरून, तापवलेले दगड टाकून अन्न शिजवत. अशी टोपली विणायला सरळ, लवचिक, बिनफाट्याचे कोंब लागतात, आणि तसे कोंब जुन्या झुडपाला येत नाहीत. झुडूप जाळलं की पुढच्या वर्षी फुटतात. म्हणून हे लोक ठरलेल्या वेळी, थोडं थोडं रान जाळत. टोपलीही होई आणि मोठ्या वणव्याचं सरपणही उरत नसे. १७९३ साली स्पॅनिश गव्हर्नर आरियागा यांनी हे जाळणं बंद करायचा हुकूम काढला. चार वर्षांनी मिशन सॅन होजे उभं राहिलं, गुरं आली, गवत आलं. पुढचं आपण वर वाचलंच.

हे मी आईला मोठ्या विद्वत्तेनं सांगितलं. तिचं माहेर कोकणातलं. ती म्हणाली, “म्हणजे राब.” भाताच्या रोपांसाठी पावसाआधी शेण, पालापाचोळा, कवळं पसरून जमीन भाजतात, तोच हा प्रकार, असं तिचं म्हणणं. तंतोतंत तो नव्हे, पण हातातली आग आणि हाताबाहेरची आग यातला फरक तिला एका शब्दात कळला होता, जो इथल्या सरकारला कळायला दोनशे वर्षं लागली. आपलं वनखातंही उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, ती काही वेगळी नाही.

गोधडीची कृती थोडक्यात. इथल्या क्विल्टवाल्या बायका प्रेमळ असतात. पट्टी, फिरती सुरी आणि नवं कोरं कापड घेऊन बसतात. आई जुन्या साड्या घेऊन गेली. त्यांनी विचारलं, आत काय भरता? साडी. वर? साडी. खाली? आईनं उत्तर द्यायच्या आत त्याच हसल्या. मग आईनं अंगुस्तान चढवलं, कडेनं धावदोरा घातला, आणि चौकोनाच्या आत चौकोन असं करत मध्याकडे यायला लागली. आखणी नाही, खूण नाही. पट्टीवालीनं पट्टी लावून पाहिली आणि मग पट्टी पिशवीत ठेवली. यात आगीचा संबंध काय? आहे. घर सोडून निघायची वेळ आली तर अंगावर सुती किंवा लोकरी कपडे घाला, असं इथलं अग्निशमन खातं सांगतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणजे आईची सुती साडी शासनमान्य आहे. माझं मॅरेथॉनचं जर्किन नाही.

आता तो सप्टेंबर. २०२० च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा कोसळल्या आणि मिशन पीकमागच्या डोंगररांगांत जागोजागी आगी लागल्या. त्यांना एससीयू लायटनिंग कॉम्प्लेक्स असं भारदस्त नाव मिळालं; सुमारे चार लाख एकर जळून गेले. २२ ऑगस्टला गणपती बसले. करोना, त्यात धूर, खिडक्या बंद. घरीच शाडूचा गणपती केला होता, सोंड जराशी जाड. मी उदबत्ती लावली आणि कोपऱ्यातलं हवा शुद्ध करायचं यंत्र लाल झालं. कापूर लावल्यावर ते किंचाळायला लागलं. आरती दोन कडव्यांत उरकली. विसर्जन बादलीत, आणि ते पाणी अर्थातच तुळशीला.

त्याच आठवड्यात मुलांनी नवी हस्तकला शिकली. चौकोनी पंखा एक, हवेतला धूर गाळणाऱ्या मर्व्ह १३ दर्जाच्या जाळ्या चार, पुठ्ठा, चिकटपट्टी. जाळ्यांची पेटी करून वर पंखा बसवायचा. कॉर्सी आणि रोझेंथल या दोन गृहस्थांच्या नावानं ती ओळखली जाते, त्यांनी ती त्याच वर्षी सुचवलेली. आकाशकंदील ज्याला जमतो त्याला ही पेटी जमतेच. ९ सप्टेंबरला पितृपक्षात आकाश नारिंगी झालं. सकाळचे दहा वाजले तरी घरात दिवे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं विचारलं, “कावळे तरी आहेत का रे?”

दिवाळीबद्दल काही गोष्टी. २०१९ चं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि त्या शनिवार-रविवारी सोसाट्याच्या वाऱ्यामुळे तारा पडून आग लागू नये म्हणून उत्तर कॅलिफोर्नियात लाखो घरांची वीज मुद्दाम बंद ठेवलेली होती. तेव्हा आगीच्या धोक्याचा, ‘रेड फ्लॅग’चा इशारा असेल त्या दिवशी पणत्या घरात, परातीत, कंदिलात बॅटरीचा दिवा. फटाके फ्रीमाँटमध्ये बेकायदा आहेत, वाद घालू नये. किल्ला मात्र जोरात करावा. इथली माती चिकण, किल्ल्याला फार छान. आमच्या मुलांच्या सिंहगडावर खांब आहे आणि खांबाशी फोटो काढणारे मावळे.

शेवटी घर सोडताना उचलायची पिशवी. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, औषधं, चष्मा, चार्जर, रोकड, फोटो. आईनं त्यात गोडा मसाला घातला, मी काढला, तिनं पुन्हा घातला. तो आता कायमचा आहे. गाडीचं तोंड रस्त्याकडे. वीज नसताना गॅरेजचं दार उघडायची लाल दोरी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकानं एकदा ओढून पाहावं, कारण आमच्याकडे ती मला सापडायला अकरा मिनिटं लागली होती, आणि ते फक्त सरावाच्या दिवशी.

टीप : अलमीडा काउंटीची धोक्याची सूचना फोनवर येण्यासाठी ‘एसी अलर्ट’वर नाव नोंदवावं लागतं. आज झोपायच्या आधी नोंदवा, आणि आई-बाबांचा इथला नंबरही घाला. फुकट आहे.