रणगाडा न पाहिलेल्या सुरुंगरावांस

प्रति,
श्री. रणगाडाविरोधी सुरुंगराव (जुना साठा),
मध्यवर्ती दारूगोळा भांडार, पुलगाव, ता. देवळी, जि. वर्धा.

स. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय, राग नसावा. खरं तर 31 मे 2016 च्या तुमच्या डेपोतल्या आगीनंतर लगेच लिहायला हवं होतं. पण एवढ्या मोठ्या कामगिरीनंतर तुम्हाला निवांतपणा मिळावा, शिवाय चौकशीवाल्यांचा तुमच्याशी बोलायचा पहिला हक्क, म्हणून थांबलो. आता सगळं कसं थंड झालंय. फायलीसुद्धा.

आधी तुमची ओळख करून देतो, कारण अलीकडच्या पोरांना डेपो म्हटलं की एसटीचाच आठवतो. तुम्ही रणगाडाविरोधी सुरुंग. जमिनीत पुरून घ्यायचं, वर माती ओढायची आणि शत्रूच्या रणगाड्याची वाट बघायची, एवढंच तुमचं काम. तुमची एक गोष्ट मला फार आवडते. तुमची बनावटच अशी की साधा माणूस अंगावरून चालत गेला तरी तुम्ही फुटायचं नाही. वजन हवं ते रणगाड्याचं. पायी जाणाऱ्याशी वैर नाही, असा बाणा. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला शोभेल असाच!

फक्त एक घोळ झाला. वर्धा नदीच्या काठाला शत्रूचा रणगाडा येतो कशाला? सरहद्दीपासून लांब, देशाच्या पोटात ठेवलं की तुम्हाला धोका नाही, हा हिशेब होता. तुमच्यापासून आम्हाला किती, हे मांडायचं राहून गेलं. आणि सरहद्दीवर गेलेल्या तुमच्या भाऊबंदांनी तरी कुठे दिवे लावले? 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी राजस्थान-पंजाबच्या शेतांमध्ये सुरुंग पेरले. रणगाडा आलाच नाही. पेरताना आणि परत उकरताना मात्र आपलेच जवान गेले. म्हणजे हे तुमच्या घराण्यातच आहे म्हणायचं.

तर त्या रात्रीबद्दल. मध्यरात्र उलटून गेलेली, मे महिन्याचा शेवट, अंगणात बाजा टाकून झोपलेली गावं. आगरगाव, नागझरी, पिपरी. आधी उजेड झाला, मग आवाज आला, मग घरांच्या काचा आल्या. लोकांनी पोरं काखेत मारली आणि अंधारात दिसेल त्या वाटेनं निघाले. पण गावकरी तुमच्यापासून लांब पळत असताना काही जण तुमच्याकडे धावत होते. डेपोच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी, संरक्षण सुरक्षा दलाचे जवान, दोन अधिकारी. आग शेजारच्या कोठारांना लागली तर काय होईल, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आग एकाच कोठारात अडली. सकाळी मृतांचा आकडा 16 होता, पुढे तो वाढला. पायी चालणाऱ्याला हात न लावणारे तुम्ही, हातात पाण्याची नळी घेऊन आलेल्यांना मात्र सोडलं नाहीत.

संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला येऊन गेले. नंतर चौकशी झाली आणि बोट तुमच्याकडे वळलं. तुमच्या अंगातून टीएनटी झिरपत होतं म्हणे. आता यात तुमचं काय चुकलं? शुद्ध टीएनटी सुमारे 80 अंशांना वितळतं, आमच्या विदर्भाचा उन्हाळा कितीही माजला तरी तिथवर जात नाही. पण माल कमी शुद्ध असला, की त्यातली भेसळ पुष्कळ कमी तापमानाला पातळ होते आणि लोणच्याच्या बरणीबाहेर तेल यावं तशी बाहेर येऊ लागते. ती लाकडी पेटीत मुरते, खोबणीत साचते. असली तेलकट पेटी उचलणं, सरकवणं, तिच्याशेजारी काम करणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांनी रोज अनुभवलेलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. माणसंसुद्धा झिरपतात, तुम्ही तर स्फोटक.

आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं, असंही नाही. 2015 च्या मे महिन्यात, म्हणजे बरोबर वर्षभर आधी, ‘कॅग’नं संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात लिहिलं होतं, की दारूगोळा भांडारांमध्ये मंजुरीप्रमाणे अग्निशमन साहित्य नाही आणि ती आगीचा धोका घेऊन चालताहेत. वर्षभर! तेवढ्या वेळात आमच्याकडे कपाशी लावून, वेचून, विकून, पुढच्या पेरणीचं बी घरात येतं. सुरुंगराव, तुम्ही सोयीचे आरोपी आहात. बदली मागत नाही, वकील लावत नाही, आणि ‘मला कोणी बनवलं, कोणी तपासून सही केली’ असं उलट विचारत नाही.

तुम्हाला थोडा हेवा वाटावा म्हणून तुमच्याच धंद्यातल्या एका बड्या असामीबद्दल सांगतो. अमेरिकेचं बी-2 नावाचं बॉम्बर विमान आहे, रडारला न दिसणारं. बनवायची होती 132, बनली 21. विकासाचा खर्च धरला तर एकेकाची किंमत दोन अब्ज डॉलरच्या घरात. 1989 साली पहिल्यांदा उडालं, म्हणजे तेही आता वयस्करच. पण थाट बघा! त्याच्या कातडीवरचा रडार गिळणारा लेप बिघडू नये म्हणून त्याला तापमान आणि दमटपणा सांभाळलेल्या हँगरमध्ये ठेवतात. ऊन सोसत नाही, ओल सोसत नाही. 2024 मध्ये त्याच्या देखभालीसाठी आणि नूतनीकरणासाठी सात अब्ज डॉलरपर्यंतचा करार झाला, आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये अशा सात विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर 14 अजस्र बॉम्ब टाकले. त्याची जागा घेणारं बी-21 तयार होतंय, पण ते येईपर्यंत म्हाताऱ्याची सेवा चालू आहे.

त्यांच्याकडे सगळं सोन्याचं आहे असं नाही बरं. 2008 मध्ये गुआमच्या धावपट्टीवर एक बी-2 कोसळलं. संवेदकांत ओल शिरली होती. ती वाळवायची युक्ती काही तंत्रज्ञांना आधीपासून माहीत होती, पण सगळ्यांना रीतसर कळवलीच नव्हती. ‘माहीत होतं, कळवलं नव्हतं’ हा रोग सातासमुद्रापारही आहे, हे वाचून मला अंमळ बरं वाटलं. फरक इतकाच, की तिथले दोघेही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले. पुलगावच्या कोठारात बाहेर फेकणारी खुर्ची कोणाच्या बुडाखाली नव्हती.

आपल्याकडेही उडणाऱ्यांची कदर होते, हे मान्य करायला हवं. 1963 पासून सेवेत असलेल्या मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप दिला. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी, भाषणं, जुन्या वैमानिकांच्या डोळ्यांत पाणी. यातली पुष्कळ विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलेली, तेव्हा ऊर भरून येणारच. तुमच्या निवृत्तीला फवारे कोण उडवणार? नवं आलं की पेपरात फोटो येतो. जुनं कुठे गेलं, हे विचारायला कोणी जात नाही.

जुनं डेपोशेजारच्या सोनेगाव आबाजीला जातं. 20 नोव्हेंबर 2018 ची सकाळ आठवते? तुम्ही नव्हता तिथे, तुमचे दूरचे नातेवाईक होते, जबलपूरच्या खमरिया कारखान्यातून आलेले 23 मिलिमीटरचे मुदत संपलेले गोळे. डेपोच्या विनाश मैदानावर ते नष्ट करायचे होते. पेट्या उतरवायला माणसं कोण? ठेकेदाराचे रोजंदारीवरचे मजूर, आसपासच्या गावातले. एक पेटी फुटली आणि सहा जण गेले. देशाच्या सेनेचं आधुनिकीकरण ज्या टोकाला संपतं, त्या टोकाला दिवसाच्या मजुरीवर उभा असलेला माणूस असतो आणि त्याच्या डोक्यावर पेटी असते. फुटलेल्या गोळ्यांचं भंगार वेचायला येणारे आणखी वेगळे. धातूला भाव येतो ना. गावाला या सगळ्यातून जो काही ‘रोजगार’ मिळाला, तो हाच.

पुढच्या बातम्याही ऐकून ठेवा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं, त्याच्या सात कंपन्या झाल्या, दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. पाट्या छान रंगवल्यात. 2025 च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, ते नव्या पाटीखाली.

तुमच्याकडून माझं मागणं मोठं नाही. तुमच्यातले जे अजून कुठल्या कोठारात पडून असतील, त्यांनी आपलं वय, बनवल्याचं साल आणि झिरपण्याची स्थिती एकदा वरच्यांना स्वतःच कळवावी. माणसांनी कळवून झालं आहे. आणि न्यायला ट्रक आलाच, तर पेटी उचलणाऱ्याला आधी नीट विचारा, बाबा रे, तुला कोणी काही शिकवलंय का, हातमोजे तरी दिलेत का. तो ‘नाही’ म्हणाला तर थोडा दम धरा.

बाकी क्षेम. इकडे ऊन वाढतंय. कळावे, लोभ नसावा.

आपला,
डेपोच्या वाऱ्याखाली राहणारा एक वर्धेकर

ता. क. उत्तर पाठवायचं झालं तर साधं पोस्टकार्ड चालेल. पार्सल नको.